खिडकीचं सांगितलंस का?

शेणवा
१२ नोव्हेंबर २०२४

जैतूदादा,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते तुला कळलं असेल. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

तुझा पत्ता आपल्या गावातल्या भगीरथने दिला. तो हल्ली टेम्पो चालवतो. माल घेऊन सिल्वासाला गेला होता, तेव्हा एका गोडाऊनच्या गेटवर तू वॉचमनच्या खुर्चीत बसलेला दिसलास म्हणाला. तू त्याला ओळख दिलीस, चहा पाजलास. घरचं मात्र एका शब्दाने विचारलं नाहीस. हे त्याने आईसमोर सांगितलं. आई म्हणाली, "जिता हाय ना? मंग बस झाला." आणि उठून गोठ्यात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. आईचे गुडघे गेलेत, पण बसत नाही. यंदा भात बरं आलंय, कापणी आटपत आली. ओमकार माझ्याच कॉलेजात, मुरबाडला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही दोघं सकाळी एकाच एसटीने निघतो, पण तो मागच्या सीटवर बसतो. मॅडमचा भाचा म्हणून पोरं चिडवतात त्याला. मागून बघितलं तर थेट तू. चालतोही तसाच, एक खांदा पुढे काढून.

पारूवहिनीच्या दहाव्याला मी तुला जे बोलले ते आज काढत नाही. आईवेगळ्या पोराला टाकून पळणारा बाप वगैरे. तूही काढू नकोस. आठ वर्षं झाली त्याला.

काम असं आहे. सव्वीस नोव्हेंबरला कॉलेजात संविधान दिन असतो. उद्देशिका वाचून झाली की एक तास मुंबईवरच्या हल्ल्यावर बोलायचं असतं, आणि तो इतिहासवाल्यांच्या गळ्यात पडतो. प्राचार्य म्हणाले, "त्या रात्री धावून गेलेली माणसं पोरांना कळली पाहिजेत." मी अजून तासिका तत्त्वावर आहे, नाही म्हणायची सोय नाही. पण खरं सांगू, मलाही ते पटतं. गेल्या वर्षी मी पडद्यावर फोटो दाखवले, तारखा सांगितल्या. अर्धी पोरं मोबाइलमध्ये होती. ही पोरं तेव्हा रांगत होती, काही नुकती चालायला लागली होती. त्यांच्यासाठी ती रात्र म्हणजे मागे गाणं लावलेली एक रील. धूर, बंदुका, झेंडा, संपलं.

यंदा मला एकाच माणसाचं सांगायचंय. आग विझवायला गेलेल्याचं. तुझं.

तू मला एकदाच सगळं सांगितलं होतंस. शिडीवरून उतरवलेल्या त्या बाईचं, आणि शेजारच्या खिडकीतल्या माणसाचं. मी आजवर कोणाला बोलले नाही. ओमकारलाही नाही. बाप फायर ब्रिगेडमध्ये होता आणि नोकरी सोडून आला, एवढंच त्याला माहीत आहे. तू त्या हॉटेलवर होतास हे त्याला माहीत नाही.

तुझं नाव घेणार नाही. सांगू का? नको असेल तर नुसतं 'नको' लिहून पाठव. माझा नंबर खाली देते.

माधुरी


शेणवा
२८ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं 'नको' आलं नाही. म्हणजे हरकत नाही, असं मी धरलं.

सांगितलं मी परवा. हॉल भरलेला होता, कारण हजेरी लावणार असं आधीच जाहीर केलं होतं. सुरुवातीला नेहमीसारखंच, कुजबुज, खाली मान घालून मोबाइल. मग मी कागद मिटून ठेवला आणि म्हटलं, आपल्या शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यातला माणूस त्या रात्री तिथे होता.

एकेकाने मान वर केली.

मग सांगत गेले. वरच्या मजल्यावर आग, आत गोळ्यांचे आवाज, आणि तुम्ही खाली रस्त्यावर पाण्याचा होज घेऊन. अंगावर जाड कोट, डोक्यावर हेल्मेट, गोळी अडवेल असं काही नाही. शिडी खिडकीला लावली. तू वर गेलास. आत एक म्हातारी गोरी बाई, झोपायच्या कपड्यात, पायात एकच सपाता. तिने तुझी कॉलर जी धरली ती खाली रस्त्यावर आली तरी सोडेना. तिच्या भाषेत काहीतरी म्हणत होती. शेवटी दोघांनी मिळून तिची बोटं सोडवली. हे मी सांगत असताना, दादा, हॉलमधले पंखे ऐकू येत होते. चौदा वर्षं शिकवतेय, अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मग टाळ्या. मुली डोळे पुसत होत्या.

टाळ्या थांबल्यावर मागून ओमकार उठला. "मॅडम, तो माणूस जिवंत आहे?"

"आहे."

"कुठं असतो?"

मी म्हटलं, आहे इकडेच. तो बसला. पण त्याला कळलं होतं.

घरी येताना तो पहिल्यांदा माझ्या शेजारी बसला. किन्हवली आली. मग म्हणाला, "बाबा होते ना ते?"

"हो."

"मला कोणी का नाय सांगितलं? मला वाटायचं, बाबा घाबरून नोकरी सोडून आले. पोरं पण तसंच बोलायची."

मी तुझा पत्ता दिला त्याला. त्याने रात्री जागून पत्र लिहिलंय, काल टाकलं. माझ्या पत्रांना देऊ नकोस उत्तर, त्याच्या पत्राला दे.

तू मला सांगितलं होतंस तेवढं सगळं सांगितलं मी पोरांना. काळजी करू नकोस, तुझी मान खाली जाईल असं काही बोलले नाही.

माधुरी


शेणवा
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

ओमकारच्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही. तो रोज पोस्टमनला विचारायचा. आता विचारायचं सोडलंय.

तुला कळायला हवं म्हणून लिहिते. त्याने कॉलेज सोडलं. कल्याणला फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, तिथे नाव घातलंय. पहाटे उठून जातो, संध्याकाळी येतो, आल्यावर पाण्याच्या टाकीला दोर बांधून वर चढतो. वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन गावाच्या रस्त्याने पळतो. बारकी पोरं मागे पळतात. आई ओट्यावर बसून बघते आणि मला शिव्या घालते.

"एक पोरगा आगीन खाल्ला माझा," म्हणते, "जिता हाय पन खाल्ला. आता याला कायला सांगितलास गो? तुझी जीभ कोन खात व्हती?"

मी त्याला म्हटलं होतं, डिग्री पुरी कर, मग बघू. ऐकलं नाही. तुझ्यासारखाच हट्टी. मी पुष्कळ अडवलं.

परवा जेवताना त्याने विचारलं, "आत्या, बाबा त्या शिडीवर घाबरले असतील का गं?"

मी म्हटलं, नाही.

एक फोन कर त्याला. शाबासकी दे असं नाही म्हणत. 'नको' म्हणायचं असेल तर तसं म्हण. तुझं 'नको' तो ऐकेल. सगळ्या जगात तुझंच ऐकेल. मी त्याला वाढवलं, पण या एका बाबतीत माझं काही चालणार नाही, कारण मी त्या शिडीवर नव्हते. तू होतास.

माधुरी


शेणवा
६ जुलै २०२५

दादा,

भाताची आवणी चालू आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून मीही रविवारी चिखलात उतरले. कंबर धरलीय, त्यामुळे थोडक्यात लिहिते.

ओमकारला काम लागलं. एमआयडीसीत एक केमिकल कंपनी आहे, तिथे फायरमन म्हणून, ठेकेदाराकडून. सरकारी भरती निघेपर्यंत अनुभव होईल म्हणतो. निळा युनिफॉर्म मिळालाय. पहिल्या दिवशी आईने शिव्या देत देतच त्याला कुंकू लावलं. गावात आता त्याला सगळे 'फायर' म्हणतात. "ए फायर, कुठं लागली रे?" तो हसतो. बरा दिसतो, दादा. भरलाय अंगाने. पोस्टमनचं नाव आता काढत नाही, तुझं रोज काढतो.

एक खोटं लिहिलं होतं मी फेब्रुवारीत, ते डोक्यातून जात नाही. मी त्याला अडवलं नाही. कल्याणला कोर्सची चौकशी करायला मीच त्याच्याबरोबर गेले होते, कॉलेजला सुट्टी टाकून. तिथल्या सरांनी विचारलं, घरात कोणी या लाइनमध्ये आहे का? ओमकारने सांगितलं, माझे बाबा. मग सरांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, तुला आम्ही परत घरात आणलं.

माधुरी


शेणवा
२४ सप्टेंबर २०२५

दादा,

तू तिसऱ्या दिवसानंतर निघून गेलास, कोणाला न सांगता. आईला वाटलं नदीवर गेलास. दुपारपर्यंत तुझं ताट झाकून ठेवलं होतं तिने.

तू होतास तेव्हा आपण एकदाच बोललो. त्याबद्दल लिहायला बसलेय. पण आधी जे तुला कोणी नीट सांगितलं नाही ते लिहिते. कंपनीच्या माणसांनी तुला गोल गोल सांगितलं. मला ते ओमकारबरोबरच्या पोराकडून कळलं. तो आता काम सोडून गावी गेलाय.

सकाळची शिफ्ट होती. सॉल्व्हंटच्या ड्रमपाशी आग लागली. हे तिघं फायरमन तिकडे धावले. आत दोन कामगार अडकलेले. ओमकार गेला आणि एकाला ओढत बाहेर घेऊन आला. तो तुझ्यासमोर आपल्या अंगणात बसून रडत होता ना, हातावर पट्ट्या बांधलेला, तोच. बिहारचा आहे. तुझे पाय धरायला वाकला, तर तू पाय मागे घेतलेस.

दुसरा आत ओरडत होता. ओमकार परत गेला. आग तेवढी नव्हती म्हणतात, धूर होता. त्या धुरात दोन श्वास घेतले की माणूस खाली बसतो. दोघंही एकाच जागी सापडले.

तू त्या सुपरवायझरला स्मशानातच विचारलंस, "सेट व्हता का त्याच्या पाठीवर?"

तो म्हणाला, "साहेब, चौकशी चालू आहे."

"हवेचा सिलिंडर व्हता का नाय, येवढंच इचारतो."

"साहेब, ते सगळं रिपोर्टमध्ये येईल."

मी मागून तुझी मान बघत होते. मला वाटलं, आता तू त्याच्या अंगावर जाशील. तू वाकून चितेचं एक लाकूड सरळ केलंस. सेट नव्हता ओमकारकडे, दादा. त्याने नाकाला ओला रुमाल बांधला होता. सेट मागवलेत, येतील, असं जुलैपासून सांगत होते त्यांना. घरी येऊन हे त्याने एकदाही सांगितलं नाही. आजी कामाला जाऊ देणार नाही, म्हणून.

आता आपलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी घागर भरत होते आणि तू येऊन उभा राहिलास. तोवर मला वाटत होतं, माझी पत्रं तुला मिळालीच नाहीत. गोडाऊन बदललं असेल, पत्ता चुकला असेल. तू म्हणालास, "तू लिवला व्हतास, सगळा सांगितला म्हनून. खिडकीचं पन सांगितलंस का त्याला?"

मला आधी एवढंच कळलं की तू सगळी पत्रं वाचलीस. माझीही, ओमकारचीही. वाचलीस आणि गप्प बसलास. मला इतका राग आला की घागर दाणकन खाली टेकवली. आणि मी म्हटलं, "हो."

तू मान हलवलीस आणि गेलास.

हो नाही, दादा. नाही सांगितलं.

त्या दिवशी हॉलमध्ये बाईची गोष्ट संपली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. वेळ होता. अजून बोलता आलं असतं. मला पुढचं सांगायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. शेजारच्या खिडकीत पांढऱ्या शर्टातला माणूस होता. तो काचेवर हाताने मारत होता. तू बाईला घेऊन उतरत असताना त्याला हाताने खूण केलीस, थांब, आलोच. त्याने तुझ्याकडे बघून मान हलवली. आणि काचेवर मारायचं थांबवलं. तू शिडी फिरवून परत वर गेलास तेव्हा त्या खिडकीत काळा धूर होता आणि माणूस नव्हता. आतून कोणी काढला की तिथेच पडला, तुला कधीच कळलं नाही. तू मला म्हणाला होतास, "माधे, मी हात दाखवला नसता तर त्यानं काच फोडली असती. उडी तरी मारली असती. माझ्यावर इस्वास ठेवला त्यानं."

हे सांगितलं असतं तर टाळ्या वाजल्या नसत्या. पोरं घरी जाऊन गप्प बसली असती. आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या. मी तिथेच थांबले. नंतर ओमकारलाही सांगितलं नाही, कारण त्याला नुकताच बाप मिळाला होता. तो अर्धा बाप मी त्याला दिला. घाबरलेला नाही दिला, हरलेला नाही दिला. शिडीवरून उतरणारा दिला.

खिडकीचं माहीत असतं तर तो दुसऱ्यांदा आत गेला नसता का? का त्या खिडकीपायी आणखी जोरात आत धावला असता? मी दिवसभर हाच हिशोब घालते आणि तो सुटत नाही. पण मग निदान त्याला माहीत असतं. इतकंच.

आणि तू. तुला एक फोन करता आला असता. हे लिहिणार नव्हते. लिहिलंय, खोडत नाही.

आई बोलत नाही. माझ्याशीच नाही असं नाही, कोणाशीच नाही. भाताला फुलोरा आलाय, पाखरं येतात, ती बांधावर जाऊन बसते. पाखरं हाकलतही नाही.

माधुरी


मुरबाड
२८ नोव्हेंबर २०२५

दादा,

कॉलेजातून लिहितेय. स्टाफरूममध्ये कोणी नाही.

परत तोच तास माझ्याकडे आला. मी प्राचार्यांना म्हटलं, यंदा दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "मॅडम, यंदा तुमच्याशिवाय कोण बोलणार? आपला विद्यार्थी गेलाय." हॉलच्या दारावर ओमकारचा फोटो लावलेला, मोठा फ्लेक्स, त्याच्या मागे संगणकाने काढलेल्या ज्वाळा. खाली 'शहीद'. माणूस वाईट नाही तो. त्याला खरंच वाटत होतं, मला बरं वाटेल.

मी यंदा सगळं सांगितलं. आधी खिडकीचं. तुझा हात, त्याचं मान हलवणं, धूर. मग ओमकारचं. ओला रुमाल. मागवलेले सेट. तू इतकी वर्षं कुठे आहेस आणि का, तेही सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. मी म्हटलं, धावून जाणारा माणूस मोठा असतोच, पण त्याला रिकाम्या हाताने आत पाठवणारा कोणीतरी असतो, त्याचा फोटो कुठे लागत नाही. मी म्हटलं, उद्या तुमच्यापैकी कोणी असं काम धरलं, तर पहिल्या दिवशी सेट मागा. नसेल तर आत जाऊ नका. कोणी ओरडत असलं तरी जाऊ नका. हे शेवटचं वाक्य खरं आहे का, मलाच माहीत नाही.

टाळ्या नाहीत. कोणी हललं नाही. प्राचार्य खाली बघत होते. मला वाटलं, पोचलं. या वेळी तरी पोचलं.

हॉल रिकामा झाल्यावर एक मुलगी मागे थांबली. भागी, पहिल्या वर्षाची, धसईच्या पुढच्या पाड्यावरून येते. हुशार आहे, तासाला पहिल्या बाकावर असते. डोळे सुजलेले होते तिचे. ओढणीने पुसत म्हणाली, "मॅडम, एक इचारू? रागावणार नाय ना?"

"विचार गं."

"ओमकारदादाची जागा भरली का तिकडं?"

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "माझा भाऊस हाय. त्याचा पन तोच कोर्स झालाय कल्यानचा. चार महिने झालं घरीच हाय. तुमची वळख असेल कंपनीत, म्हनून इचारला."

दादा, ती रडली होती. खोटं नव्हती रडली. तिने एक शब्दही चुकवला नव्हता माझा. सगळं ऐकून, सगळं समजून ती विचारत होती.

मी म्हटलं, "भरली."

"बरं," म्हणाली. आणि तोंड उतरलं तिचं.

माधुरी


शेणवा
५ डिसेंबर २०२५

दादा,

हे शेवटचं. यापुढे तुला लिहून त्रास देणार नाही.

भागीला मी 'भरली' म्हटलं ते माहीत नसताना. मग तेच डोक्यात बसलं. काल तास लवकर संपला तेव्हा रिक्षा करून एमआयडीसीत गेले. त्या गेटपाशी याआधी मी दोनदाच गेले होते, एकदा त्याला डबा द्यायला आणि एकदा त्याचे कपडे आणायला. भिंतीला नवा रंग दिलाय.

खरंच भरली होती. कंपनी पुन्हा सुरू झाली त्याच आठवड्यात भरली. देवजी नाव त्याचं. तोही धसईकडचा, पण भागीचा भाऊ नाही. ओमकारसारखा पोरगा नाही, तिशीचा आहे, लग्न झालंय, मुलगी आहे पहिलीत. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर चहाच्या टपरीवर आला होता. वॉचमनने दाखवला मला.

मी म्हटलं, "मी ओमकारची आत्या."

त्याने हातातला चहा खाली ठेवला. उभा राहिला. "बसा ताई," म्हणाला. मला बसायचं नव्हतं.

"सेट आले का रे तुमचे?"

"आले ना. दोन आलेत."

"तुम्ही किती जणं?"

"तिघं."

"मग?"

"शिफ्टमदी तिघं एकदम कंदीतरीच असतात ताई. अॅडजस्ट करतो आमी. आनि तिसरा येनार हाय, साहेब म्हनले." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आधी एक पन नव्हता ना."

दादा, तो मला धीर देत होता. म्हणजे ओमकारमुळे दोन आले, असं त्याला म्हणायचं होतं. तेवढं तरी झालं, असं.

मी म्हटलं, मी कलेक्टर ऑफिसला लिहिते. कामगार खात्याला लिहिते. पेपरात देते. तीन माणसांना दोन सेट, हे लिहून देते. माझा आवाज वाढला असावा, टपरीवाला बघायला लागला. देवजी जवळ आला आणि हात जोडले त्याने. नुसते नमस्काराला जोडतात तसे नाही.

"ताई, कुठं बोलू नका. इथून बात गेली म्हनतील. माझा काम जाईल. परत नाय मिळनार मला, वय झाला माझा. पाया पडतो तुमच्या."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तवाचा तवा बघू."

आत घंटा झाली. तो तसाच उभा, हात जोडून, मी काय म्हणते त्याची वाट बघत. निळा युनिफॉर्म त्याला खांद्यात घट्ट होता. चहा तसाच राहिला होता.

मी वर्गात उभी राहून सांगितलं होतं, सेट मागा, नसेल तर आत जाऊ नका. तो माणूस माझ्यासमोर उभा होता आणि माझ्याकडे मागत होता ते एवढंच की मी गप्प बसावं.

मी म्हटलं, "नाही बोलणार."

तो हसला. खरंच हायसं वाटलं त्याला. "येतो ताई," म्हणाला, आणि पळतच आत गेला.

माधुरी